गोळी बंद करू नका, तपासणी चुकवू नका: क्लोझापिन आणि रक्तातील पांढऱ्या पेशी

मानसिक आजाराच्या रुग्णाला भगताकडे न नेता डॉक्टरकडे न्यावे, यासाठी आपल्या वस्त्यांमधले कार्यकर्ते वर्षानुवर्षे झटत आहेत. त्याला बऱ्यापैकी यशही आले आहे. पण रुग्ण दवाखान्यात पोहोचला म्हणजे काम संपले, असे आपण समजतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. गोळ्या सुरू होतात, रुग्ण सावरतो, कामाला लागतो. मग कोणीतरी सांगते, ‘या गोळ्यांनी रक्त खराब होते.’ घरचे घाबरतात, गोळ्या बंद होतात आणि दोन-तीन महिन्यांत आजार पुन्हा उसळतो. दुसऱ्या घरात याच्या उलट घडते. गोळ्या नियमित चालू असतात, पण डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणी कोणी करत नाही. एक दिवस ताप येतो, घसा दुखतो, घरी तापाची गोळी दिली जाते आणि चार दिवसांत रुग्ण अत्यवस्थ होतो.

पहिल्या घरात भीतीने नुकसान केले, दुसऱ्या घरात बेफिकिरीने. दोन्हींच्या मुळाशी अपुरी माहिती आहे. म्हणून या लेखात आम्ही मनोविकारावरील औषधांचा रक्तावर होणारा परिणाम, विशेषतः क्लोझापिन या औषधाचा, सविस्तर मांडत आहोत.

रक्तात नेमके काय बिघडते?

आपल्या रक्तात लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात. लाल पेशी प्राणवायू वाहून नेतात. प्लेटलेट रक्तस्राव थांबवतात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. पांढऱ्या पेशींचेही प्रकार आहेत. त्यातल्या न्यूट्रोफिल या पेशी जिवाणूंविरुद्ध सर्वात आधी धावून जातात. त्यांचे आयुष्य फार थोडे असते, त्यामुळे हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत त्या सतत नव्याने तयार व्हाव्या लागतात.

काही औषधांमुळे काही मोजक्या लोकांमध्ये ही निर्मिती कोलमडते. न्यूट्रोफिल नेहमीपेक्षा कमी झाल्या, तर त्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. एक घनमिलिमीटर रक्तात त्या ५०० पेक्षाही कमी उरल्या, तर ती गंभीर अवस्था असते. तिला ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. अशा वेळी शरीराचा पहिला पहाराच उठलेला असतो. एरवी आठवड्यात बरा होणारा घशाचा संसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे ‘रक्त कमी आहे’ म्हणजे हिमोग्लोबिन कमी आहे, असा अर्थ घेतला जातो. न्यूट्रोफिल कमी होणे ही वेगळी गोष्ट आहे. हिमोग्लोबिन १४ असलेल्या धडधाकट दिसणाऱ्या तरुणाच्याही न्यूट्रोफिल धोकादायक पातळीवर असू शकतात. लोहाच्या गोळ्या, बीट किंवा डाळिंब खाऊन त्या वाढत नाहीत. पेशी कमी झाल्याचे वरून दिसत नाही, ते तपासणीतच कळते.

क्लोझापिन: बंद झालेले आणि परत आलेले औषध

मनोविकारावरील आधुनिक औषधांची सुरुवात १९५२ च्या सुमारास फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिनपासून झाली. या औषधानेही क्वचित पांढऱ्या पेशी घटतात. पण ज्या औषधामुळे रक्ततपासणी हा उपचाराचाच भाग झाला, ते औषध क्लोझापिन.

१९७० च्या दशकात ते युरोपातील काही देशांत वापरात आले. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये थोड्याच महिन्यांत दीड डझनाच्या आसपास रुग्णांना रक्ताचा गंभीर विकार झाला आणि त्यातले किमान आठ जण दगावले. त्यानंतर अनेक देशांनी हे औषध मागे घेतले किंवा त्यावर कडक निर्बंध घातले.

एवढे होऊनही ते कायमचे गेले नाही, कारण इतर औषधांनी बरे न होणारे रुग्ण त्याने सुधारत होते. १९८८ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉन केन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आधीची औषधे लागू न पडलेले २६८ स्किझोफ्रेनियाचे रुग्ण होते. सहा आठवड्यांत क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के रुग्णांमध्ये ठळक सुधारणा दिसली. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण फक्त ४ टक्के होते. १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, क्लोझापिनला मंजुरी दिली. अट एकच होती, नियमित रक्ततपासणी.

अट पाळल्याने काय झाले, हेही आकड्यांत उपलब्ध आहे. अमेरिकेत पहिल्या पाच वर्षांत ९९,५०२ रुग्णांची नोंद झाली. त्यापैकी ३८२ जणांना ॲग्रॅन्युलोसायटोसिस झाला आणि १२ जण दगावले. बारा जीव जाणे ही लहान गोष्ट नाही. पण फिनलंडमध्ये हा विकार झालेल्यांपैकी जवळपास निम्मे गेले होते. इथे ३८२ पैकी ३७० वाचले, कारण पेशी घसरत असतानाच बहुतेकांच्या बाबतीत ते लक्षात आले.

आज क्लोझापिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचा धोका कमी करण्यासाठीही एफडीएने २००२ मध्ये त्याला मान्यता दिली. फिनलंडमध्येच पुढे झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात क्लोझापिन घेणाऱ्या रुग्णांमधील एकूण मृत्यूदर इतर औषधे घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. म्हणजे ज्या देशात या औषधाने जीव गेले, त्याच देशाने ते नीट वापरले तर जीव वाचवते हेही दाखवून दिले.

धोका किती आणि केव्हा?

क्लोझापिन घेणाऱ्या शंभर जणांमध्ये गंभीर घट साधारण एकाला किंवा त्याहूनही कमी लोकांना होते. बाकी नव्याण्णवांना होत नाही. हा धोका सगळ्या काळात सारखाही नसतो. बहुतेक प्रकार पहिल्या अठरा आठवड्यांत घडतात. सहा महिन्यांनंतर धोका बराच उतरतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि फिनलंडमधील २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांनी, दोन वर्षांनंतर तो फारच थोडा उरतो, असे दाखवले आहे.

म्हणूनच तपासणीचे वेळापत्रक सुरुवातीला दाट आणि पुढे विरळ असते. अमेरिकेत रूढ झालेली पद्धत अशी: औषध सुरू करण्यापूर्वी एक तपासणी, पहिले सहा महिने दर आठवड्याला, पुढचे सहा महिने दर पंधरा दिवसांनी आणि त्यानंतर महिन्यातून एकदा. २०२५ मध्ये एफडीएने तिथला सक्तीचा नोंदणी कार्यक्रम रद्द केला, पण तपासणीची शिफारस कायम ठेवली. ‘अमेरिकेने तपासणी बंद केली’ असा संदेश कोणी फिरवला, तर तो चुकीचा आहे. आपल्या रुग्णाचे वेळापत्रक त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे आणि आपण ते पाळावे.

रिपोर्ट वाचायला शिका

यासाठी महागडी तपासणी लागत नाही. साधी सीबीसी पुरते, मात्र त्यात पांढऱ्या पेशींची प्रकारवार टक्केवारी, म्हणजे डिफरन्शियल काउंट हवा. लागणारा आकडा म्हणजे एकूण न्यूट्रोफिल संख्या, थोडक्यात एएनसी. काही रिपोर्टवर तो छापलेला असतो. नसेल तर एकूण पांढऱ्या पेशींच्या संख्येला न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणा आणि शंभराने भागा.

समजा, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ६,२०० आणि न्यूट्रोफिल ५८ टक्के आहेत. ६,२०० गुणिले ५८ भागिले १०० म्हणजे ३,५९६. हा आकडा चांगला आहे. आता दुसरा रिपोर्ट घ्या. पांढऱ्या पेशी ३,८०० आणि न्यूट्रोफिल ३६ टक्के. हिशेब येतो १,३६८. पहिल्या नजरेला ‘थोडे कमी आहे’ असे वाटेल, पण क्लोझापिन घेणाऱ्यासाठी हा आकडा त्याच दिवशी डॉक्टरांना कळवण्याचा आहे.

सर्वसाधारण मर्यादा अशा आहेत. १,५०० किंवा त्याहून जास्त असेल तर औषध चालू राहते. १,००० ते १,४९९ असेल तर औषध चालू ठेवून आठवड्यातून तीनदा तपासणी करतात. ५०० ते ९९९ असेल तर डॉक्टर औषध थांबवून रोज तपासणी करतात. ५०० च्या खाली गेल्यास औषध बंद करून तातडीचे उपचार करावे लागतात. हे निर्णय डॉक्टरांचेच आहेत. पण रिपोर्ट आठवडाभर खिशात पडून राहू नये, एवढे काम कार्यकर्ता नक्की करू शकतो.

ताप आला तर

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा: क्लोझापिन घेणाऱ्या व्यक्तीला ताप आला, घसा दुखू लागला, तोंडात फोड आले किंवा थंडी वाजून अंग गळून गेले, तर त्याच दिवशी सीबीसी करायची. ‘दोन दिवस वाट पाहू’ म्हणायचे नाही. ताप उतरवणारी गोळी घेतल्याने ताप दबतो, पेशी वाढत नाहीत. ताप दबल्याने उलट फसगत होते.

पावसाळ्यात आणखी एक गुंता होतो. डेंग्यूमध्येही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात. त्यामुळे रुग्णाला तपासणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला, मग तो गल्लीतला फॅमिली डॉक्टर असो की अपघात विभागातला, पहिल्याच वाक्यात सांगा की हा रुग्ण क्लोझापिन घेतो. अनेक घरांत मानसिक आजाराच्या गोळ्या लपवल्या जातात. लग्न मोडेल, लोक बोलतील म्हणून डॉक्टरांपासूनही लपवल्या जातात. हे लपवणे इथे जिवावर बेतू शकते. गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्या. कंपनीचे नाव काहीही असो, त्यावर मूळ औषधाचे नाव छापलेले असते.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी खास

विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे हा मुद्दा आपल्याला वेगळा पाहावा लागतो. सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे आणि क्लोझापिनचा परिणाम पांढऱ्या पेशींवर होतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. पण दोन ठिकाणी त्यांची गाठ पडते.

एक, सिकलसेलच्या रुग्णाला येणारा ताप मुळातच धोक्याचा असतो. कारण जंतूंना आवरणारी प्लीहा या आजारात निकामी होत जाते आणि संसर्गाने वेदनेचे झटके सुरू होऊ शकतात. दोन, सिकलसेलवर हायड्रॉक्सियुरिया हे औषध दिले जाते आणि तेही पांढऱ्या पेशी कमी करू शकते. म्हणून एकाच व्यक्तीला सिकलसेल आणि मानसिक आजार दोन्ही असतील, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दिसल्या पाहिजेत. सिकलसेलचे कार्ड आणि मानसोपचाराची फाईल वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवू नका.

हीच काळजी कार्बामाझेपिन या औषधाबाबत घ्यायची. ते फिट्स आणि मनःस्थितीच्या चढउतारांवर दिले जाते. तेही क्वचित अस्थिमज्जेवर आघात करते. त्यामुळे ते क्लोझापिनसोबत देणे डॉक्टर टाळतात.

मोजमाप कोणाच्या रक्तावर ठरले?

अमेरिकेतली एक घटना आपल्या वाचकांनी आवर्जून समजून घ्यावी. आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतील वंशाच्या अनेक निरोगी लोकांमध्ये न्यूट्रोफिलची संख्या जन्मापासूनच थोडी कमी असते. याचा संबंध डफी नावाच्या रक्तघटकाशी आहे. लाल पेशींवर हा घटक नसेल तर एका प्रकारच्या मलेरियापासून संरक्षण मिळते. या लोकांना संसर्ग जास्त होत नाहीत. पण ‘सामान्य’ आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून ठरले असल्याने, कित्येक कृष्णवर्णीय रुग्णांना क्लोझापिन नाकारले गेले किंवा विनाकारण बंद केले गेले. औषधाची सर्वात जास्त गरज असलेले रुग्णही त्याला मुकले. अखेर २०१५ मध्ये एफडीएने अशा व्यक्तींसाठी वेगळी, कमी मर्यादा ठरवली.

हा नियम आपल्याकडे स्वतःच्या मनाने लावायचा नाही. पण त्यातून एक धडा घ्यायचा. औषध सुरू होण्याआधीची तपासणी फार मोलाची असते, कारण रुग्णाचा मूळ आकडा माहीत असेल तरच पुढची घसरण खरी की नेहमीची, हे ठरवता येते. पहिला रिपोर्ट जपून ठेवा.

रक्ताशी संबंधित इतर परिणाम

पेशी घटण्यापेक्षा कितीतरी जास्त आढळणारा परिणाम म्हणजे वजन, साखर आणि चरबी वाढणे. क्लोझापिन आणि ओलान्झापिनमध्ये हे विशेष दिसते. म्हणून सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी उपाशीपोटी साखर आणि चरबी तपासावी. रिस्पेरिडोन आणि हॅलोपेरिडॉलमुळे रक्तातील प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पाळी अनियमित होऊ शकते किंवा थांबू शकते. अविवाहित मुलीची पाळी थांबली की घरात संशयाचे वातावरण होते. अशा वेळी मुलीला जाब विचारण्याऐवजी डॉक्टरांना विचारा. काही रुग्णांमध्ये पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होऊ शकते. एकच पाय सुजून दुखू लागला किंवा अचानक धाप लागली, तर लगेच रुग्णालय गाठावे.

विडी-सिगारेटचाही यात संबंध आहे. धुरातील घटकांमुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवते. रुग्णाने विडी अचानक सोडली, तर तेवढ्याच गोळ्यांत रक्तातील औषधाची पातळी वाढून गुंगी येऊ शकते. विडी जरूर सोडावी, पण डॉक्टरांना सांगून. खर्रा किंवा तंबाखू चघळण्याने हा परिणाम होत नाही, तो धुराचा आहे. अर्थात, कर्करोगाचा धोका तिथेही आहेच.

मनाने बंद करू नका, मनाने सुरूही करू नका

क्लोझापिन अचानक बंद केल्यास आजार जोरात उलटू शकतो. आणि दोन दिवसांपेक्षा जास्त गोळ्या चुकल्या, तर पूर्वीच्याच मात्रेने पुन्हा सुरू करणेही धोक्याचे आहे. रक्तदाब एकदम उतरून रुग्ण कोसळू शकतो. अशा वेळी डॉक्टर अगदी थोड्या मात्रेपासून पुन्हा सुरुवात करतात. यात्रा, लग्न, ऊसतोड, वीटभट्टीचे स्थलांतर, अशा वेळी गोळ्या आधीच जास्त घेऊन ठेवाव्यात.

हक्क आणि सोयी

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा आपल्या हातातला महत्त्वाचा आधार आहे. कलम २२ प्रमाणे उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजेत. कलम २५ प्रमाणे रुग्णाला आपल्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे. कलम १८ प्रमाणे शासनाच्या अत्यावश्यक यादीतील मानसिक आजाराची औषधे सरकारी ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या पातळीवर मोफत मिळाली पाहिजेत. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून त्यावर मराठीतही बोलता येते.

कागदावर हे सगळे आहे. प्रत्यक्षात रोजंदारीवर जाणाऱ्या आईला दर आठवड्याला मुलाला घेऊन तालुक्याला जायचे, तर दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही जाते. तपासणी चुकण्याचे खरे कारण बहुतेक वेळा अज्ञान नसते, ही मजुरी असते. म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे: रक्ताचा नमुना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतला जावा आणि रिपोर्ट मनोविकार तज्ज्ञांपर्यंत पोहोचावा. ग्रामपंचायत, नगरसेवक, जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे ही मागणी निवेदनाने मांडता येते.

आपण काय करायचे?

प्रत्येक वस्तीत दोन तरुण पुढे आले तरी पुष्कळ आहे. अशा रुग्णाच्या घरी त्याच्या संमतीने एक वही ठेवा. पहिल्या पानावर औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, डॉक्टरांचा क्रमांक आणि सिकलसेल किंवा इतर आजाराची नोंद. पुढच्या पानांवर तारीख, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल टक्के आणि एएनसी. तपासणीच्या आदल्या दिवशी आठवण करा. ताप आला तर रात्रीही हाक मारता येईल असा एक फोन क्रमांक त्या घरात असू द्या. आणि रुग्णाचे नाव वस्तीत चघळले जाणार नाही, याची जबाबदारी घ्या. त्याचा आजार ही त्याची खासगी बाब आहे.

गोळीची भीती घालणारा आणि गोळीकडे दुर्लक्ष करणारा, दोघेही रुग्णाला एकटे पाडतात. बोटभर रक्त आणि वेळेवर वाचलेला एक आकडा, एवढ्याने एखादा तरुण पुन्हा अभ्यासाला, कामाला, आपल्या माणसांत परत येऊ शकतो. तो आकडा वाचायला आजच शिकू या.